तीन विसाच्या खाली

"रफीकभाई, चष्मा घातला का?"

"घातला, मॅडम."

"मग चला. घाई करायची, पण गडबड नाही."

टेबलावर भिवाजी डाव्या कुशीवर पडलेला. आरमोरीकडचा ढिवर, तलाव आणि नदीवर मासे धरणारा, पंचेचाळिशीचा माणूस. सकाळी घरी दोनदा रक्ताची उलटी झाली, तिसरी जीपमध्ये. दाराबाहेर त्याची बायको जनाबाई पदर तोंडात धरून उभी. आणि मी? मी भडकले होते. कारण चार महिन्यांपूर्वी याच टेबलावर याच माणसाची हीच उलटी मी थांबवली होती. "आता गोळ्या चालू ठेवा, पुन्हा नाही होणार," असं छातीठोकपणे सांगितलंही होतं. आता बीपी लागत नव्हता म्हणून आधी सलाइन लावलं, दोन बाटल्या रक्त चढवलं आणि स्कोप आत घातला. स्कोप म्हणजे तोंडातून पोटात जाणारी दुर्बीण.

आत काय झालं होतं ते सांगते. लिव्हर निबर झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून पुढे सरकत नाही. मग ते आजूबाजूच्या बारक्या शिरांमध्ये घुसतं. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा अशा तुंबतात, फुगतात आणि एक दिवस फुटतात. आमच्याकडच्या पेशंटला मी तलावाचं सांगायची. पाणी निघायची वाट बुजली, पाणी चढलं, पाळ फुटली, म्हणजे तलावाचा बांध. लिव्हर म्हटलं की लोक आधी दारूच विचारतात. भिवाजीनं मोहाची कधी चाखलीही नव्हती. त्याला हिपॅटायटिस बी होता. हे मागच्या वेळी मी सगळ्या नातेवाइकांसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, तेव्हा जनाबाई ढसाढसा रडली होती. लोकांनी तिला काय काय ऐकवलं असेल कोण जाणे.

फुटलेली शीर बुजवायला आम्ही ग्लू वापरायचो. ग्लू म्हणजे खरोखरच गोंद. रक्ताला लागला की काही सेकंदांत कडक होतो. शिरेत गेला तर माणूस वाचतो. स्कोपच्या नळीत सांडला तर स्कोप बाद, आणि आमच्याकडे स्कोप एकच. डोळ्यात उडाला तर आणखी तमाशा, म्हणून चष्मा. ग्लू वाटेतच गोठू नये म्हणून त्यात तेलासारखं एक औषध मिसळायचं आणि सुईसुद्धा आधी त्याच तेलानं भरून घ्यायची. हे काम माझे टेक्निशियन रफीकभाई यांचं. त्यांच्या वडिलांचं चंद्रपूरला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. लहानपणापासून बारीक स्क्रू हाताळलेले हात ते! मी शेरेबाजी करण्यात पटाईत, पण त्या हातांना मी कधी नाव ठेवलं नाही.

आत नुसतं रक्त. धुतलं, ओढलं, पुन्हा धुतलं. आणि दिसली! अंगठ्याएवढी निळसर शीर आणि तिच्या टोकातून उडणारी चिळकांडी.

"सुई! टोचली. सोडा!"

"सोडलं."

"पाणी!"

"मारलं, मॅडम. काढा, काढा!"

सुई बाहेर. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले आणि थेंबही थांबले. मी श्वास धरून पाहत होते. काही नाही. कोरडं! "वा रे माझ्या शेरा!" मी ओरडलेच. रफीकभाई हसले आणि आधी स्कोप तपासायला धावले.

दुसऱ्या दिवशी राउंडला माझा राग पुन्हा वर आला. शीर बुजवणं हे निम्मं काम. दुसरी शीर तुंबू नये म्हणून रोजची गोळी असते, प्रोप्रॅनोलॉल. ती हृदयाचे ठोके हळू करते आणि त्या शिरांतला दाब उतरवते.

"जनाबाई, गोळ्या घेतल्या का यानं?"

जनाबाईनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. दीड महिन्याच्या गोळ्या गेल्या होत्या. पुढच्या सगळ्या जशाच्या तशा.

"बंद काऊन केल्या?"

"नाडी बसून राह्यली होती, बाई. तुकाजीभाऊनं सांगतलं, ही गोळी माणूस खाऊन राह्यली."

तुकाजीभाऊ हे त्यांच्या गावातले म्हातारे ढिवर. गावात कोणी आजारी पडलं की आधी त्यांची बोटं मनगटावर. नाडी बसली, म्हणजे मंद झाली, असं ते म्हणाले की औषध बंद आणि नातेवाइकांना निरोप. भिवाजीच्याही वेळी निरोप गेले. त्याची बहीण थेट सिरोंच्याहून येऊन बसली. आणि मरायला टेकलेला हा माणूस रोज स्वतः तलावावर जाऊन पाहुण्यांसाठी मासे धरून आणत होता! तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनीच विचारलं म्हणे, "हा मरते कधी?" गोळी बंद झाली, नाडी पुन्हा धावायला लागली, सगळे खूश होऊन घरी गेले. आणि इकडे शिरेतला दाब गुपचूप चढत राहिला.

तिसऱ्या दिवशी तुकाजीभाऊ स्वतःच एसटीनं भिवाजीला पाहायला आले. किडकिडीत, डोक्याला टॉवेल, पायात काही नाही. मी तयारीतच होते.

"तुम्ही गोळी बंद केली?"

"केली जी. नाडी बसून राह्यली होती. मंग काय माणूस मरू देऊ?"

"अहो, ती बसवायचीच होती मला!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कसंतरी झालं. "नाडी बसवाची होती? जित्या माणसाची?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी गोळी लिहिली होती, वेळ सांगितली होती. पण ठोके हळू होतील आणि तेच मला हवं आहे, हे सांगितलंच नव्हतं. कागदावर पल्सचा आकडा लिहिला होता, तोही इंग्रजीत. ज्या गावात मंद नाडी म्हणजे मरण, तिथे मी नाडी मंद करणारी गोळी न बोलता पाठवली होती. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मला खूप लाज वाटली.

तरी खोड जात नाही. म्हटलं, पाहू तरी या बोटांत काय आहे. "या तीन खाटांवरच्या नाड्या सांगा बरं."

पहिल्या खाटेवर ते म्हणाले, "याले ताप चढून राह्यला." बरोबर. दुसरीवर, "ही बाई भेली हाये, बिमार नाई." तिसऱ्या खाटेवर ते बराच वेळ थांबले. "हा तीन ठोके देते अन् एक खाते." मी उडालेच! त्या पेशंटच्या ईसीजीत नेमकं तेच होतं, आणि तो कागद माझ्या खिशात होता.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. पुन्हा तलाव काढला.

"म्हंजे," ते म्हणाले, "पाळ कच्ची हाये, म्हणून पाणी चढू नाई द्याचं."

"हो! हेच!"

"मंग किती बसली तं चालते? अन् किती बसली तं मरते?"

काय नेमका प्रश्न! माझ्या विद्यार्थ्यांनी तो इतक्या सरळपणे कधी विचारला नव्हता. मी सांगितलं, घड्याळाचा सेकंद काटा एक फेरा मारेल तेवढ्यात पंचावन्न ते साठ ठोके हवेत, पन्नासच्या खाली मात्र नकोत. तुकाजीभाऊंचा हिशोब विसाचा. वीस मासे मोजले की एक विसा. साठ म्हणजे तीन विसा. ते स्वतःशीच पुटपुटले आणि मग म्हणाले, "तीन विसाच्या खाली, अडीचच्या वर." ठरलं! तीनच्या वर गेली तर गोळी चुकली का ते विचारायचं. अडीचच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर पुढची गोळी थांबवून आरमोरीहून मला फोन करायचा. रफीकभाईंनी वडिलांच्या दुकानातून एक जुनं घड्याळ आणून त्यांच्या मनगटावर बांधलं. "चाचा, रोज सकाळी चावी द्यायची." म्हातारा ते सारखं कानाला लावून पाहत होता.

त्यानंतर दोनदा भिवाजीला बोलावून उरलेली शीर ग्लूनं भरली. स्कोपच्या टोकानं दाबून पाहिलं, घट्ट लागली. मग सात महिने सगळं शांत होतं.

एक दिवस दुपारी ओपीडीत गलका झाला. तुकाजीभाऊ भिवाजीला दंडाला धरून ओढत आणत होते. मागून जनाबाई धापा टाकत.

"रक्त?" मी उठलेच.

"रक्त नाई जी. नाडी साडेतीन विसा झाली. म्हणून आणलं."

"मी चांगला हाओ, बाई," भिवाजी वैतागला होता. "ह्या बुड्यानं जाळं पाण्यातच सोडाले लावलं."

वैनगंगेवर आठ दिवस मुक्कामी गेला होता गडी. गोळ्या घरी खुंटीला, आणि नाडी धरायला तुकाजीभाऊ तिथवर पोचले होते! चांगला दिसत होता खरा. पण मी धोका पत्करायला तयार नव्हते. स्कोप घातला. जुनी शीर दगडासारखी बसलेली, आणि तिच्या शेजारी एक नवीन, टम्म फुगलेली, वर लाल ठिपका. तिथलं कातडं इतकं पातळ की मी नुसतं पाहून घाबरले.

"रफीकभाई, चष्मा!"

ग्लू गेला, सुई निघाली. एक थेंबही रक्त नाही. इतकी वर्षं लोक माझ्याकडे रक्तानं भरलेल्या लुगड्यात आणि घमेल्यासकट आले होते. शीर फुटायच्या आधी आलेला हा पहिलाच! मी त्या खोलीत चक्क टाळ्या वाजवल्या. बाहेर जाऊन तुकाजीभाऊंना म्हटलं, "तुम्ही वाचवलं याला." ते घड्याळाला चावी देत होते. "आता याची मोजू का?" एवढंच म्हणाले.

भिवाजी पुढे बरीच वर्षं जाळं टाकत राहिला. लिव्हर काही बरं झालं नाही, पण रक्ताची उलटी पुन्हा झाली नाही. आणि मी ती गोळी लिहून झाली तरी पेन खाली ठेवत नाही. आधी विचारते, तुमच्या गावात नाडी कोण पाहतं? पुढच्या खेपेला त्यांना सोबत आणा.