फ्री थ्रोच्या रेघेवरची मेढ

दौलत तरेच्या जिभेला हाड नाही, हे अख्खं गाव म्हणायचं. आणि गावाला अक्कल नाही, हे एकटा दौलत. रेल्वेकडून पगार घेऊन बास्केटबॉल खेळलेला माणूस. "टोपलीत चेंडू टाकायचा पगार?" म्हणून गाव खदखदून हसलं होतं. गुडघा गेला तसा तो राहनाळपलीकडच्या आपल्याच गावच्या शाळेत कोच म्हणून परतला, आणि आल्यापासून कुणाशी सरळ तोंडानं बोलला असेल तर शपथ!

पोरींना मात्र त्यानं घडवलं. शिव्या घालून, रडवून, पण घडवलं. २००६च्या डिसेंबरात जिल्ह्याचा सामना पहिल्यांदाच त्यांच्या कोर्टावर होणार होता. सोमवारी, ठाण्याच्या टीमशी. कॅप्टन ऋतिकाला बघायला निवड समितीची माणसं यायची होती. ही ऋतिका दौलतच्या थोरल्या भावाची, काळूरामची मुलगी.

काळूराम शाळेचा अध्यक्ष. भाड्याच्या हव्यासापायी त्यानं अंगणात गोदाम उठवलं, आणि पोराचं, भाविकचं, लग्न ठरलं तेव्हा दारात मांडवाला वीतभर जागा उरली नव्हती. मग काय, रस्ता ओलांडला की शाळा! शनिवारी हळद, रविवारी लग्न. शुक्रवारी सकाळी दौलत येऊन बघतो तर काय, फ्री थ्रोच्या रेघेवर सिमेंट फोडून मुहूर्तमेढ रोवलेली. वर आंब्याचा डहाळा, खाली हळदकुंकू, भोवती सवाष्णी.

"हा काय धंदा लावलाय?" दौलत ओरडला.

"मांडव हाय, दिसत न्हाय?" काळूराम म्हणाला. "एका खड्ड्यानं काय आभाळ कोसळतंय? मंगळवारी बुजवून देतो."

"सामना सोमवारी आहे!"

"मग मंगळवारी घे. चेंडूच तर टाकायचाय."

काळूरामची बायको, गोदूवहिनी, हात जोडून मधे आली. "भाऊजी, मांडव आम्ही गोदामात नेतो. कसाबसा घालू. पण मेढ उपटू नका, पूजा झालीय तिची. लग्न लागलं की मी स्वतः काढते."

"आणि खड्डा आम्ही पोरी भरू, काका," ऋतिका म्हणाली.

"ओल्या सिमेंटवर पाय मोडून घ्यायचेत तुम्हाला?"

खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. सामना एखाद दिवस पुढे ढकलता आला असता का, एखादी फळी टाकून भागलं असतं का, हे विचारायला डोकं थंड लागतं. दौलतच्या कानात फक्त 'चेंडूच तर टाकायचाय' घुमत होतं. जन्मभर भावाच्या तोंडून हेच ऐकलं होतं त्यानं. त्यानं दोन्ही हातांनी मेढ गदागदा हलवली, उपटली आणि हळदकुंकवासकट रस्त्यावर फेकून दिली.

गोदूवहिनीनं तोंडात पदर कोंबला.

"माझ्या पोराच्या मांडवाची मेढ उपटलीस?" काळूराम ओरडला. "आजपासून तू मला मेलास."

"बरं झालं. सुतकही नको धरूस."

मेढ उपटली की नवऱ्यावर संकट येतं म्हणतात, पण भाविकला काही म्हणता काही झालं नाही. अंबाडी गावच्या हॉलमध्ये लग्न थाटात लागलं. दौलतला कुणी बोलावलं नाही आणि तो गेलाही नसता. शुक्रवारीच भरलेल्या खड्ड्यावर तो पाणी मारत राहिला, रेघा पुन्हा रंगवल्या. रागारागात, पण छान केलं सगळं.

सोमवारी ठाण्याची टीम आली. "सर, कोर्ट झकास ठेवलंय हो," त्यांच्या बाई म्हणाल्या. निवड समितीची माणसं खुर्च्यांवर बसली. दौलतची पोर मात्र एकही आली नव्हती. सगळ्या भावकीतल्याच ना! मेढ उपटणाऱ्याच्या हाताखाली पोर पाठवायची न्हाय, असं घरोघरी ठरलं होतं.

इतक्यात ऋतिका आली. अंगात खेळाचे कपडे, तळहात अजून हळदीनं पिवळे.

"बाकीच्या कुठं मेल्या?"

"घरात कोंडल्यात. मी भिंतीवरून आले."

"मग बघत काय उभी राहिलीस? वॉर्मअप कर!"

"कुणाबरोबर, काका?"

दौलत चेंडू उचलायला वळला. तिचा आवाज चढला. "आई पाया पडली असती तुमच्या. दोन दिवस थांबायचं होतं. बाबांना हरवायचं होतं ना? हरवलंत. आता मी खेळू कुणाबरोबर?"

रेफरीनं घड्याळ पाहिलं, शिटी वाजवली आणि सामना ठाण्याला देऊन टाकला. ऋतिका खाली बसली, दौलतनं घेऊन दिलेल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट तिथंच ठेवून अनवाणी रस्ता ओलांडून घरी गेली.