टपरी काढणारी बाई

माझ्या जुन्या चित्रांत एकही रेघ सरळ नाही. नात म्हणते, "आजी, काय मस्त लाइन आहे गं तुझी, थरथरती! आमच्या क्लासच्या मॅडम म्हणतात, अशी लाइन यायला वर्षं जातात." मी मान डोलावते. फुकटात मिळालेलं कौतुक कशाला परत करा? खरं म्हणाल तर रेघ थरथरायची कारण मी थरथरायचे. तुमसरच्या बाजारात, टळटळीत दुपारी, हातात पेन्सिलीचा तुकडा धरून एक बाई दुकानाच्या आडोशाला चोरासारखी उभी असायची. तीच मी.

जिल्हा फुटला तेव्हाची गोष्ट आहे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि माझ्या मोठ्या दिरांची बदली तिकडे झाली. त्यांच्यासोबत जाऊबाई गेल्या. सरकारनं जिल्हा तोडला, पण दुपार माझी तुटली. आम्ही दोघी जेवणानंतर तांदूळ निवडायचो आणि निवडता निवडता अख्ख्या मोहल्ल्याचे खडे बाहेर काढायचो. आता मोहल्ला होता, खडे होते, ऐकणारं कोणी नव्हतं. पोरं शाळेत, आमचे हे ऑफिसात. एका दुपारी पोराची चघळलेली पेन्सिल उचलली आणि खिडकीतून दिसणारा हातपंप कागदावर उतरवला. बकरीसारखा दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तेव्हा पंपासारखा दिसला. झालं, नाद लागला. मग रोज एक चित्र, आणि घरातल्या वस्तू संपल्यावर बाहेरची.

सामान म्हणाल तर हसाल. लग्नपत्रिकांच्या मागची कोरी बाजू हा माझा कागद. रेघेसाठी पोराची पेन्सिल. रंगाला यांची ऑफिसातली पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, साहेब लोक फायलीवर खुणा करतात ती. झिजून बोटभर उरली की हे ती घरी आणायचे. आणि सावलीसाठी चहा. बसस्टँडकडच्या रस्त्यावर एका मावशीची चहा-भज्यांची टपरी होती. तिथं अर्धा कप घ्यायचा, थोडा प्यायचा, उरलेल्यात बोट बुडवून कागदावर फिरवायचं. वाळलं की भिंतीवर ऊन कलल्यासारखं दिसायचं. राइस मिलच्या कोंड्याचा धूर त्या रस्त्यावर कायम असायचा, तोही फुकटात कागदावर बसायचा.

पण भीती! कोणी पाहील ही भीती. सासरचं कोणी भेटेल ही भीती. पत्रिका ओळखून कोणी म्हणेल, "आमच्या पोरीच्या लग्नाचे असे हाल केले?" ही भीती. सगळ्यात मोठी म्हणजे कोणी विचारलं, "काय करून राहिली वो बाई?" तर काय सांगायचं? त्याचं उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं: 'मी चित्र काढते.' एवढे तीन शब्द. पोरांच्या परीक्षेला घेतली नाही तेवढी मेहनत मी या तीन शब्दांवर घेतली.

आणि एके दिवशी मावशीनं विचारलं.

मी तिच्याच टपरीसमोर, टेलरच्या ओट्याला टेकून उभी होते. थैलीवर पत्रिका, पत्रिकेवर टपरी. तिच्या पत्र्याला जागोजागी जंग चढला होता, तो मी लाल टोकानं घोटत होते. मावशी झारा हातात घेऊनच आली.

"का करून राहिली वो बाई? रोज पायतो मी तुले."

'चित्र' हा शब्द ऐनवेळी अडकला. चित्र म्हणजे मोठ्या लोकांचं काम, आपण कसं म्हणायचं? तो शब्द गिळला आणि उरलेलं तोंडाबाहेर पडलं.

"काही नाही मावशी, तुमची टपरी काढून राहिली."

मावशीचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, लाजली.

"काढून राहिली? कायले?"

"रोज एक काढते," मी धीर करून म्हटलं. "काल चपलावाल्याची काढली. उद्या यांची काढीन," असं म्हणून टेलरकाकांकडे बोट दाखवलं. काकांची मशीन थांबली.

"तुमचे साहेब मोजनीच्या ऑफिसात हायेत न?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. नवऱ्याला कोणीतरी साहेब म्हटलं, म्हणून मान जरा वर करूनच म्हणाले. कारकून होते ते.

मग मी घरी आले आणि स्वतःवर इतकी खूश झाले की संध्याकाळी शिरा केला. भर रस्त्यात बोलले ना मी! केवढी धीट! तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, आज भेटले असते तर आधी एक चापट मारली असती आणि मग तो शिरा खाल्ला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला आले ते ताटावर बसलेच नाहीत.

"माझी ती लाल-निळी पेन्सिल कुठाय?"

"का?"

"बाजारात बोंब उठली आहे. ऑफिसची कोणी बाई फिरून टपऱ्यांवर लाल खुणा करून राहिली म्हणे. अतिक्रमण काढणार. सकाळपासून लोकं माझ्या टेबलाशी येऊन राहिले, मला काहीच माहीत नाही आणि साहेब माझ्याकडे पाहून राहिले." मग आवाज खाली आला. "ती भजेवाली तर स्वतःच पत्रे काढायला लागली. अतिक्रमणाची गाडी आली की पत्रेही भरून नेते ना."

माझ्या हातातली पळी वरणात गेली. 'काढून राहिली.' हेच बोलले होते मी. अतिक्रमण काढतात, तसं.

यांना सांगितलं. आधी हे कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "तू घराबाहेर पडू नको. लोक चिडलेले आहेत. दोन दिवसांत विसरतील."

विसरतील, पण मावशीचं काय? त्या टपरीशिवाय तिला दुसरं काही नव्हतं. नवरा नाही, शेत नाही. एकदा पत्रे उतरले की ती जागा दुसरा कोणी धरणार, बाजारात रिकामी जागा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. हे मला कळत होतं आणि पाय मात्र उंबरठ्यावर चिकटले होते. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. शेवटी सगळ्या पत्रिका थैलीत कोंबल्या आणि निघाले. रस्ताभर मनात एकच: मारतील का? बाईला मारत नाहीत. पण शिव्या देतील. आणि शिव्या सासरच्या कोणाच्या कानावर गेल्या तर?

टपरीचं छप्पर खाली आलं होतं. चारी बांबू उघडे. कढई उलटी करून त्यावर मावशी बसलेली, मांडीवर खिळ्यांचा डबा. भोवती टेलरकाका, चपलावाला, काळी-पिवळी जीपचे ड्रायव्हर. एरवी 'नाकाडोंगरी, नाकाडोंगरी, बपेरा!' अशी गावांची नावं घेत प्रवाशांना ओरडणारे ते ड्रायव्हर मला पाहून चूप झाले. त्यांना चूप मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिथंच अर्धा जीव गेला.

"आली वो," कोणीतरी म्हणालं.

"मावशी," मी म्हटलं, आवाज उंदरासारखा, "मी तुमची टपरी काढत नव्हते वो. फक्त उतरवून राहिली होती."

"उतरवली न बाई तुया आधी मीच!" मावशी उसळली. "पाय, तुये डोळे थंडे झाले का?"

शाबास! शब्द बदलायचा म्हणून बदलला आणि आगीतून फुफाट्यात. मी थैली उलटी केली आणि सगळ्या पत्रिका तिच्या बाकड्यावर ओतल्या. हातपंप, मिलची चिमणी, चपलावाला, झोपलेला कुत्रा. चपलावाल्यानं स्वतःला उचलून जवळ धरलं, दूर धरलं. "माहं नाक असं हाये का गा?" एका ड्रायव्हरनं पत्रिका उलटवली आणि ओरडला, "अबे, हे तं माह्या साळ्याच्या लग्नाची होय! बुंदी कच्ची होती!" लोक हसले. मला रडू येत होतं.

मावशी हसली नाही. तिनं तिच्या टपरीचं चित्र उचललं आणि लाल डागावर बोट ठेवलं. "अन् हे? हे लाल खूण कायची?"

"जंग आहे तो. तुमच्या पत्र्याचा."

"माह्या पत्र्याले एवढा जंग नाही."

"आहे वो."

"मंग आत्ता काढून दाखव. सर्वायसमोर. खरी असशीन तं काढशीन."

मी पेन्सिल हातात घेतली आणि वर पाहिलं. चार बांबू आणि त्यांच्यामधून दिसणारी मिलची भिंत. त्या भीतीत मला दुसरं काहीच सुचलं नाही, जे होतं ते बोलले.

"काय काढू? टपरी कुठाय? आधी उभी करा, मग काढते."

टेलरकाकांनी गळ्यातला टेप खिशात घातला आणि म्हणाले, "अरे बापा, उचला. पाहू तं दे बाई का काढते ते." ड्रायव्हरांनी पत्रा धरला, चपलावाल्यानं हातोडी आणली, मावशीनं एकेक खिळा मोजूनमापून दिला. ठोकाठोक झाली. माझी बोटं इतकी हलत होती की टपरी भूकंपात सापडल्यासारखी कागदावर उतरू लागली. मानेवर सगळ्यांचे श्वास. कोणी म्हणे, "बरनी काढाची राहिली," कोणी म्हणे, "माशी काढ न वो, माशी!" तेवढ्यात गर्दीच्या कडेला हे दिसले. घामाघूम. मला शोधत आलेले.

टेलरकाकांनी त्यांनाच गाठलं. "साहेब, खरं सांगा. काढून राहिले का टपऱ्या?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. खोटा धीर देणं यांना कधी जमलं नाही. "आमच्याकडे तर काही कागद नाही," ते म्हणाले. "आज तर नाही."

"आज नाही" ऐकून मावशीनं मान हलवली, जशी रोजच हलवत असावी. "आज नाही तं पुरे," म्हणाली आणि चूल पेटवायला वाकली. माझी भीती लोक हसतील एवढीच होती. तिची त्या गाडीची होती, आणि ती घेऊनच ती रोज सकाळी बेसन कालवत होती. हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. तेव्हा मला फक्त घरी जायचं होतं.

पण तिनं सोडलं नाही. "थांब. पोरगी लटलट कापून राहिली. एवढ्या लोकायची नजर लागली तुले. काढू दे."

आमच्या घरी सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून नजर-बिजर मानायची नाही असा नियम. यांनी तोंड उघडलंही. पण मावशीनं मीठ-मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून फिरवल्यासुद्धा आणि चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की हे, टेलरकाका आणि अख्खी काळी-पिवळी शिंकत सुटली. मी भिऊन उभीच. नाही म्हणायचीही हिंमत नव्हती.

ते नवं चित्र तिनं ठेवून घेतलं, बरणीमागं चिकटवलं. घाईत एक पत्रा उलटा ठोकला गेला होता, जंगाची बाजू आत आणि चकचकीत बाजू वर. चित्रातली टपरी त्यामुळं खऱ्या टपरीहून वेगळी दिसायला लागली, कारण जंग मी तिथं आठवणीनंच घोटला होता.

दुसऱ्या दिवशी पाय मागं ओढत मी पुन्हा त्या रस्त्यावर गेले. पत्रिका अजून थैलीतच होती, तोच मावशी रस्त्यापलीकडून ओरडली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी:

"काढ वो बाई, काढ! पन जागच्या जागी काढ!"