आक्का आधी खोट सांगायची

माझी थोरली जाऊ आज सकाळी वारली आणि मी दुपारी फेसबुकवर बसलेय.

म्हणा काय म्हणायचं ते.

लय दमलेय. रडायलाबी ताकद लागती. चौथीपर्यंतच शिकले, एका बोटानं टाईप करतेय. चुकलं तर जुळवून वाचा.

तिला सगळे आक्का म्हणायचे. शंभरीला दोन कमी. मी तिच्याहून चार वर्षांनी धाकटी, म्हणजे अजून पोरगीच.

तुमी लोक फोनवर रिव्ह्यू बघून वस्तू घेता. आमच्या कुरवंडे गावात रिव्ह्यू म्हणजे आक्का.

दुसरी मोठी लढाई नुकतीच सरलेली, राकेल अजून रेशनवर, तवाची गोष्ट. आक्का रोज दुधाची चरवी डोक्यावर घेऊन लोणावळ्याला बंगल्यांवर रतीब घालायला जायची. येताना बाजारात काय काय आलंय ते बघून यायची. गावातल्या बाया दारात उभ्याच.

"आक्का, घेऊ का गं?"

आक्का आधी खोट सांगायची. मग गुण.

"जर्मनचं पातेलं? चिंच घातली की काळं पडतंय. पर हलकं हाय, लवकर तापतंय." अल्युमिनियमला तवा जर्मन म्हणायचे.

"टायरच्या वहाणा? म्हैनाभर पाय सोलत्यात. मग तू मरशील, त्या मरायच्या न्हाईत."

"चिक्की? दाढ हलती असंल तर नको. न्हाईतर बाजारात एक तुकडा तोंडात धर, भुशीपतुर पुरतोय."

भाताच्या लावणीला पावसात घोंगडीपेक्षा पानांचं इरलंच बरं, हेबी तिचंच. दोन्ही हात मोकळे ऱ्हात्यात. खोट एवढीच, की आत असलं की कुणाची हाक ऐकू येत न्हाई.

मी म्हटलं, "आक्का, ही खोट कशी?"

"तुज्यासाठी न्हाई. हाक मारणाऱ्यासाठी."

तिनं सांगितलेली खोट खरीच असायची. आसपासच्या गावांतबी हे ठाऊक होतं.

माझा नवरा रेल्वेत गँगमन, खंडाळ्याच्या घाटात. तापानं गेला. मी सोळाची. मूलबाळ न्हाई.

महिना झाला न झाला, माझा भाऊ आला. संगती पवनेकाठचा एक माणूस. बायको वारलेली, तीन पोरं. आमच्यात विधवेचा पाट लागतो. भाऊ वाईट न्हवता, त्याला वाटलं बहिणीचं भलं होतंय.

मला जायचं न्हवतं.

या घराची सवय झाली होती. आक्काची झाली होती. दुसरं कारण न्हाई.

पण मला कोण विचारतंय. अशा वेळी सासरच्या मोठ्या बाईला विचारायची रीत. सासू आमची कधीच गेलेली. म्हणून विशीतली आक्काच घरातली मोठी बाई.

मी आत चुलीपाशी. कान दारात.

पाव्हणा म्हणाला, "वैनी, तुमचा शब्द खरा असतोय म्हणत्यात. पोरगी कशी हाय?"

"भाकरी जाड करती. मधे कच्ची ऱ्हाती."

"शिकंल की."

"उलट बोलती."

"ल्हान हाय अजून."

"झोपंत घोरती. आमचा बैल उठून बसतोय."

पाव्हणा हसला. "आनि?"

आक्कानं पदर खोचला.

"पोरं आवडत न्हाईत तिला. शेजारचं पोर मांडीवर दिलं तर चिमटा काढती."

पाव्हण्याचं हसू गेलं. पण उठला न्हाई, बसूनच राहिला. खोट सांगून झाली की आक्का गुणावर येती, हे त्यानं ऐकलं असणार. भाऊबी तिच्या तोंडाकडं बघत होता.

आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"पानी घ्या. उन्हाचं जायचं हाय."

गेले दोघं.

मी बाहेर आले ती भांडायलाच. भाकरी खरी. घोरणं खरं. उलट बोलणं तर अजून चालू हाय. पण चिमटा मी कधी कुणाला काढला न्हवता.

"आक्का, मला पोरं आवडत्यात."

"ठाव हाय."

"मग गुण का न्हाई सांगितले?"

"सांगितले असते तर घेऊन गेला असता."

आणि चुलीतली राख काढायला बसली. पातेल्याबद्दल, वहाणेबद्दल कधी खोटं बोलली न्हवती ती. तिचा तो शब्द तिनं माझ्यापायी खोटा पाडला.

चिमट्याचं गावभर झालं. पुढं वर्षभर गावातल्या बाया माझ्याजवळ पोर द्यायला कचरायच्या. समोरून काढून घ्यायच्या. आक्का ते बघायची.

मग तिला दत्तू झाला. बारशाला सगळ्या बाया जमलेल्या. तिनं बाजेवरून उचलला आणि पहिला माझ्या मांडीवर दिला. वर म्हणाली, "धर गं, मला जरा पाठ टेकू दे."

आणि खरंच झोपली.

आज तोच दत्तू, पंचाहत्तरी ओलांडलेला, आईला पोचवून आला आणि अंगणात माझ्यापुढं बसला. डोळे सुजलेले.

"काकी, एकट्या कशा ऱ्हाणार हितं? पिंपरीला चला आमच्याकडं. लिफ्ट हाय, दवाखाना खालीच हाय. येता का?"

येता का.

चौऱ्याण्णव वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं. माझ्या वतीनं बोलणारी मात्र न्हवती.

सवयीनं मी आक्का बोलायची वाट बघितली.

मग म्हटलं, "न्हाई रे दत्तू. मी हितंच ऱ्हाते."

आवाज लय बारीक निघाला. पण त्याला ऐकू गेला. त्यानं मान हलवली आणि माझ्या पायाशी बसून राहिला.

आक्का, सावकाश जावा.

धाकटीचा नमस्कार.