निवृत्तीभाऊंचा धूसर ठिपका

निवृत्तीभाऊ गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं, तेही दहावा उरकल्यावर. श्रीगोंद्याच्या शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानंच कार्ड वाचलं आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायलाही लाज वाटते... आता सांगावं लागणार नाही, असं वाटलं. दुःख त्यानंतर झालं.

पाथर्डीला त्यांचं चष्म्यांचं लहानसं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत. तरुणपणी नगरला एका चष्मेवाल्याकडे काचा घासायला शिकले आणि गावी येऊन तेच करू लागले. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. एकदा चष्म्याची काडी मोडली म्हणून गेलो, तर ते ताटलीएवढ्या दोन जाड काचा एकमेकींवर घासत बसलेले. “दुर्बिणीचा आरसा करतोय, सर. खोलगट व्हायला पायजे, पण केसभरच.” गिऱ्हाईक नसेल तेव्हा असे वर्षभर ते घासत होते. चांदीचा मुलामा नगरहून करून आणला, नळी पत्र्याची केली, आणि दुर्बीण माळवदावर उभी राहिली. तिच्यातून त्यांनी मला शनीची कडी दाखवली. तोवर मी ती फक्त फळ्यावर काढली होती.

मग दुष्काळ आला. चष्मे करायला कोण येणार? निवृत्तीभाऊही सरकारी कामावर खडी फोडायला जात आणि दिवेलागणीनंतर, फुटलेले हात धुऊन, माळवदावर चढत. “आभाळ साफ हाय म्हणून खूश व्हायचीबी चोरी,” ते म्हणायचे, “पण दिसतं लई.”

फाल्गुनात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. माझ्याबरोबर आमचे हेडमास्तर आणि आणखी दोन शिक्षक होते. पुनर्वसूच्या उत्तरेला त्यांनी दुर्बीण धरली. दोन बारीक तारे ओळीत, आणि त्याच ओळीत पुढे एक ठिपका; पण तारा नव्हे, काचेवर श्वास सोडावा तसा धूसर. “हे काय असंल, सर?”

मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं... पण हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “काही नाही, तुमच्या आरशावरचा डाग आहे.”

ते म्हणाले, “डाग असता तर दुर्बीण हलवली तरी जागचा हलला नसता, सर. ह्यो ताऱ्यांसंगं सरकतोय.”

अगदी बरोबर होतं ते. आणि ते बरोबर आहे हे कळूनच मी आवाज चढवला. “निवृत्तीभाऊ, मी बी.एस्सी. आहे. घरी घासलेल्या काचेत दोष राहतातच.” बाकीचे हसले. निवृत्तीभाऊही हसले, आणि फडक्यानं हात पुसत राहिले.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी ताऱ्यांचा मोठा नकाशा उघडला. तो ठिपका तिथं होता. नेमका त्याच जागी, त्याच दोन ताऱ्यांच्या ओळीत. आकाशगंगेच्या पार बाहेरच्या अंगाला असलेला, फार पुरातन असा ताऱ्यांचा गोल पुंजका. तिथला उजेड इथं पोचायला लाखो वर्षं लागतात. दुष्काळी गावातल्या एका चष्मेवाल्यानं तो स्वतःच्या हातानं घासलेल्या काचेत पकडला होता.

सुटी संपल्यावर ते स्टँडवर भेटले. “सर, आरसा परत घासायला काढलाय.” मी म्हणालो, “बरं.” एवढंच. दुसऱ्या वर्षी माझी श्रीगोंद्याला बदली झाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

कार्ड आल्यावर तीन आठवड्यांनी मी पाथर्डीला गेलो. वहिनींनी चहा केला. “घासून घासून बिघडवला त्यांनी आरसा,” त्या म्हणाल्या. “मंग वर चढायचंच सोडलं.” त्यांनी एक वही पुढे ठेवली. शेवटच्या पानावर निवृत्तीभाऊंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘सर म्हणतात तर दोष काचेतच असणार.’

मग मी सगळं सांगितलं. वहिनी पदर धरून ऐकत होत्या.

“म्हंजी तिथं खरंच काहीतरी हुतं?”

“होतं, वहिनी. अजून आहे.”

“मंग तुमाला कवा कळलं हे?”

“दोन वर्षं होत आली.”

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. वही माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “त्यात लिहून द्या. पोरगी वाचून दाखवंल.”

मी त्या ओळीखाली लिहिलं : ‘काचेत दोष नव्हता. निवृत्तीभाऊंनी जे पाहिलं ते खरं होतं.’ सही केली. तारीख घालताना हात अडला. ग्रंथालयातल्या त्या दिवसाची तारीख मला पाठ होती, आणि ती घातली असती तर मी दोन वर्षं गप्प बसलो हे पुढं ही वही उघडणाऱ्याला कळलं नसतं... क्षणभर तोही मोह झाला.

मी वहीत लिहिलं त्याच दिवसाची तारीख घातली.