खातूनबीचा पाय

त्या सालात कापसाला भावच नव्हता. आर्णीच्या लोकांनी कापूस घरातच कोंबून ठेवला आणि तो जिनिंगला नेणारा जलालचा ट्रक अंगणात उभा राहिला.

रिकामा जलाल म्हणाला, "ब्रेकमधलं जुनं ऑइल मीच काढतो. मिस्त्री कायले पाह्यजे?"

ब्रेकच्या पेडलपाशी त्यानं बायकोला, खातूनबीला बसवलं आणि स्वतः चाकामागे आडवा झाला. "धर म्हनलं का पाय दाबून धर. सोड म्हनेपर्यंत हलू नको!"

पण खातूनबी गावभरचे झंपर मशीनवर शिवणारी. पायाखाली पेडल आलं की तिचा पाय आपसूक चालणारच. जलालनं चाकामागचा, ऑइल सोडायचा निप्पल सैल केला मात्र, खटखट खटखट, काळ्या ऑइलची पिचकारी थेट त्याच्या दाढीवर.

"अवं, धर म्हनलं! शिवू नको!"

पुन्हा तेच. शेवटी वैतागून तो वर चढला आणि त्यानं तिला खाली धाडलं.

खालून हुकूम आला, "धरा!"

आता त्या ट्रकचा ब्रेक चारदा हाणल्याशिवाय कधी लागलाच नव्हता. जलालच्या पायाला दुसरं ठाऊकच नव्हतं. खटखट खटखट!

खातूनबी तोंड पुसत बाहेर आली.

"अजी, पाय तुमचाबी शिवणाराच हाये. उद्यापासून मशीनवर तुमीच बसा. ट्रक तसाबी उभाच हाये."