आधी बिल्ला, मग पाना

पिंपरीच्या एका कारखान्यात १९८१ साली कॉम्प्युटर आला, आणि टूलरूममधला कोंडीराम काळोखे त्याच्यात भोकं पाडलेली कार्डं घालायच्या कामाला लागला. दोनेक महिन्यांतून एकदा एका यादीत भलत्याच यादीचे आकडे घुसायचे. कोंडीराम मुद्दाम कार्डांची अदलाबदल करतो, असं म्हणत मोठ्या साहेबांनी त्याला कामावरून काढायची नोटीस टाइप करून ठेवली.

कोंडीरामचा संशय मशिनवर होता. गडी मुळातलाच संशयी. घोळ झालेले दिवस त्यानं टिपून ठेवलेले. दर खेपेला मशिनवर दोन कामं एकदमच सुरू झालेली. तो प्रोग्रॅमवाल्या साहेबापुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, ह्यो डबा येकेका कामाला आकडे ठेवायला जागा कशी देतो?"

"मोकळी जागा बघतो, देतो, मग भरली म्हणून खूण करतो."

"खूण मागनं? तेवढ्यात दुसरं काम आलं तर त्यालाबी तीच जागा की! आमच्या टूलरूममधी आपल्या नंबराचा बिल्ला पान्याच्या खिळ्याला अडकवल्याबिगर पाना देत न्हाईत. येका पान्यावर दोघं झोंबलेली बघितल्यात म्या."

"आता तू मला शिकवणार?" साहेब गुरकावला, पण प्रोग्रॅमचे कागद काढून बसलाच. जागा बघणं आणि खूण करणं त्यानं एका दमात बांधलं, मधे दुसऱ्या कामाला शिरकावच ठेवला नाही. चार महिने यादी चुकली नाही.

तेव्हा मोठ्या साहेबांनी नोटीस कोंडीरामसमोर फाडली. "झालं समाधान?"

कोंडीराम जागचा हलला नाही.

"कार्बन कापी कुठं हाय, साहेब?"