जागेअभावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्याबद्दल बहुतेक सगळं माहीत आहे, मला माहीत नसलेलंसुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढं सोयीचं आहे.

मी पुण्यातल्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान पाहत असे. दैनिकाचं नाव नको. पुण्यातला माणूस बसथांब्याचं छप्पर गळतं म्हणून पत्र लिहितो, ते आठ दिवसांत छापून आलं नाही तर का आलं नाही म्हणून दुसरं लिहितो, आणि दुसरं आलं की त्यात केलेली काटछाट दाखवणारं तिसरं. हे सगळं कापूनकुपून रोज एका पानात बसवायचं. कापणं हाच माझा धंदा होता. पुढे जे सांगणार आहे त्यातही मी फक्त कापलं — एक शब्द बदलला नाही, एक शब्द पदरचा घातला नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल?

निवृत्त झाल्यावर मी विश्रांतवाडीला राहायला आलो. आता मला भाषणाला बोलावतात. ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रंथालयाची व्याख्यानमाला, एकदा तर एक कॉलेज. विषय ठरलेला — माध्यमं आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य. बातम्या कशा दाबतात, वरून फोन कसे येतात, जाहिरातदार कसे रुसतात. मी बरं बोलतो. शेवटी कुणीतरी विचारतंच, तुमच्यावर कधी दबाव आला का हो? मग मी जरा थांबतो, पाणी पितो, आणि एका पत्राची गोष्ट सांगतो. टाळ्या पडतात. ती गोष्ट निम्मी खरी आहे.

ते पत्र रशीद तांबोळींचं. हडपसरला त्यांचा लहानसा छापखाना होता. उमेदीत शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम केलेला माणूस, पुढे स्वतःचं ऑफसेट मशीन घेतलं. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, आणि दर रमजानला गल्लीतल्या मशिदीसाठी रोज्यांच्या वेळांचं कार्ड. महिन्याला एक पत्र यायचंच — वाया गेलेल्या छपाईच्या पाठकोऱ्या कागदावर, इतक्या ठाशीव अक्षरात की आमचा टायपिंगवाला ते आधी उचलायचा. मीही त्यांची पत्रं आवडीनं वाचत असे. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे माझ्या मनात त्यांच्याविषयी काही आकस होता असं तुम्हाला वाटायला नको. तसं असतं तर निदान कारण तरी झालं असतं.

त्या वेळचं पत्र आवाजाबद्दल होतं. पहिल्या निम्म्या भागात त्यांनी आपल्याच मशिदीच्या भोंग्याला नावं ठेवली होती. आवाज कमी करा, शेजारी दहावीची मुलं आहेत, दम्याची माणसं आहेत, अल्लाला ऐकू येतं. दुसऱ्या निम्म्या भागात ते मंडळांकडे वळले होते — दहा दिवस उभ्या राहणाऱ्या स्पीकरच्या भिंतींकडे. आधी स्वतःच्या घराला बोल लावायचे आणि मग शेजाऱ्याला बोलायचा हक्क मागायचा, अशी त्या पत्राची बांधणी होती. शहाण्या माणसाचं पत्र.

मी दुसरा निम्मा भाग कापला.

का? दुपारचे साडेतीन झाले होते, पान चारला छपाईला सोडायचं होतं. मंडळाचा उल्लेख वाचला आणि तिथेच थांबलो. उद्या पाच-पन्नास पोरं ऑफिसात आली तर? कुणी काच फोडली तर? निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पहिला निम्मा भाग छापायला मात्र मला भीती वाटली नाही. त्याची का वाटली नाही, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

कापल्यावर पानात भोक पडलं. तिथे मी एक चौकट टाकली. पत्रे थोडक्यात व सुवाच्य अक्षरात लिहावीत. जागेअभावी पत्र संक्षिप्त करण्याचा अधिकार संपादकांना राहील. चौकट छान बसली. पत्राखाली तांबोळींचं पूर्ण नाव आणि पत्ता होता. तो मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पत्राचा फोटो फोनाफोनांतून फिरला. असे मुसलमान हवेत, असं कुणीतरी वर लिहिलं होतं. मंडळाची पोरं शाल-श्रीफळ घेऊन छापखान्यात सत्काराला गेली. तांबोळींनी त्यांना सांगितलं, पत्र अजून आहे, पुढचं तुमच्याबद्दल आहे. पोरं उठून गेली, आणि त्या वर्षी पावतीपुस्तकं दुसरीकडे छापली. रमजानचं कार्डही दुसरीकडे गेलं. तीस वर्षं शेजारी नमाजाला उभी राहणारी माणसं त्यांच्या सलामाला उत्तर देईनाशी झाली. हे सगळं मला नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून, त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं म्हणून.

ते ऑफिसात आले ते त्या दिवसाचा अंक घेऊन. शर्टाच्या खिशात छापखान्यातली स्टीलची पट्टी होती. अंक माझ्या टेबलावर पसरला, पट्टी चौकटीवर ठेवली.

"साहेब, जागा होती. माझ्या बारा ओळी बसतात हितं. मोजल्यात मी."

खिळे जुळवलेल्या माणसाला जागा नव्हती म्हणून सांगायची सोय नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "तांबोळी, वरून फोन आला होता."

त्यांनी पट्टी उचलून खिशात ठेवली. माझ्याकडे पाहिलं — आणि मला अजून ते पाहणं सोसत नाही — त्यांना माझी कीव आली होती.

"मग तुमचा काय दोष," ते म्हणाले. "तुम्हालाबी नोकरी हाय." अंकाची घडी घातली. मग म्हणाले, "माझं मूळ पत्र तेवढं द्याल? आमच्या लोकांना दाखवतो. वाचलं की समजंल त्यांना."

मी म्हणालो, पत्रं आम्ही ठेवत नाही, रद्दीत जातात. पत्र माझ्या खणात होतं. माझा गुडघा त्या खणाला लागलेला होता.

फोन आला नव्हता. त्या दिवशी नाही, त्या पानावरच्या एकोणीस वर्षांत कधीच नाही. संपादकांनी मूळ पत्र टायपिंगवाल्याच्या टेबलावर वाचलं होतं, आणि छापून आलं त्या सकाळी जिन्यात मला सहज विचारलं होतं, "अहो, उत्तरार्ध का कापलात? चांगला होता की." मी म्हणालो, जागा नव्हती. ते बरं म्हणून वर गेले. त्यांनी पूर्ण छापलं असतं. लोकांना वाटतं, मजकूर दाबायला सरकार लागतं, मालक लागतो, गुंड लागतात. लागत असतील, मी नाकारत नाही. त्या टेबलावर मात्र मी एकटा पुरेसा होतो.

आणि पत्र का दिलं नाही? ते गल्लीत फिरलं असतं, तर कापलं कुणी हा प्रश्न आला असता. फोन कुणाचा, हा त्याच्या पुढचा. एका कागदानं त्यांची इभ्रत परत आली असती आणि माझी गेली असती. मी हिशेब केला, असंही म्हणता येणार नाही. विचार करायला वेळच लागला नाही.

पुढे कानावर आलं, तांबोळींनी मशिदीत जाऊन सांगितलं की पेपरवाल्यांवर दबाव होता, बाकीचं पत्र छापलं नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. आता कातडी वाचवतोय, म्हणाले. माझं खोटं त्यांनी खरं मानून बोलून दाखवलं आणि खोटे ते ठरले.

त्यानंतरही त्यांची पत्रं येत राहिली. रस्त्यातला खड्डा, कचऱ्याची गाडी, पाण्याची वेळ. प्रत्येक पत्र बरोबर अकरा ओळींचं, मोजून — त्या चौकटीच्या जागेपेक्षा एक ओळ कमी. त्यात कापण्यासारखं काही नसायचं. मी ती जशीच्या तशी छापली. मग एक दिवस तीही बंद झाली. छापखाना नंतर बंद पडला. तांबोळी आहेत, तब्येतही बरी आहे असं ऐकतो. विश्रांतवाडीहून हडपसरला जायला एक बस बदलावी लागते. मी गेलेलो नाही.

निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा पत्र घरी आणलं. आत्ता समोर आहे. मागच्या बाजूला कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचा फसलेला छाप आहे, लाल शाई एका अंगाला सरकलेली. खालच्या ओळी छापायला मी त्यांची परवानगी घेतलेली नाही, तेव्हा हेही त्यांना न विचारताच झालं. कापलेला भाग असा आहे.

"आता दुसरे घर. मंडळांची पावतीपुस्तके मीच छापतो, म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे असे मी समजतो. दहा दिवस माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. याच गल्लीत तीच दहावीची मुले आणि तीच दम्याची माणसे आहेत. मशिदीला जे सांगितले तेच मंडळाला सांगतो, कमी नाही आणि जास्त नाही. दोघांनी आवाज खाली आणावा. दोघांपैकी एकालाच सांगायचे असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. संपादकांना विनंती की माझे नाव व पत्ता पूर्ण छापावा. ज्यांना राग येईल त्यांना माझे घर सापडले पाहिजे."